दमवायचं की शांत करायचं? शिकारी जातीच्या कुत्र्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत दोन जातींचा भरणा मोठा होता: हंगेरीचा विझ्ला आणि जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. दोन्ही पॉइंटर गटातल्या. मोकळ्या रानात तासन्‌तास पळत पक्ष्याचा वास शोधायचा, तो लागला की जागच्या जागी थबकायचं आणि नाक त्या दिशेला रोखून मालकाची वाट बघायची, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले कुत्रे. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: माझा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर दोन वर्षांचा आहे. सकाळी तासभर सायकलबरोबर पळतो, संध्याकाळी तासभर चेंडू आणतो. तरीही घरात येरझारा चालूच असतात. उशा फाडतो, कुणी उठलं की मागे धावतो. पळणं अजून वाढवावं का?

वाढवू नका. उलट कमी करा. रोज दोन तास पळवलेला कुत्रा महिन्याभरात दोन तास पळूनही ताजातवाना राहील अशा तब्येतीचा होतो. मग तुम्ही अडीच तास करता, तो अडीच तासांचा होतो. या शर्यतीत माणूस जिंकत नाही.

चेंडूचा मुद्दा वेगळा आहे. चेंडूच्या खेळात शिकारीतला फक्त पाठलागाचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. शोधणं नाही, थांबणं नाही, वाट बघणं नाही. पन्नास वेळा चेंडू फेकला की पन्नास वेळा अंगात उसळी येते आणि ती उतरायला वेळच मिळत नाही. घरी आल्यावरच्या येरझारा बहुतेकदा उरलेल्या ताकदीच्या नसतात, न उतरलेल्या उसळीच्या असतात. शिवाय भरधाव जाऊन एकदम ब्रेक मारणं आणि गर्रकन वळणं यात खांदे आणि मागच्या गुडघ्यातले स्नायुबंध दुखावतात.

महिनाभर असं करून बघा. सायकल एक दिवसाआड, वीस-पंचवीस मिनिटं, कुत्रा दुडक्या चालीने चालेल इतक्याच वेगाने. चेंडू दिवसाला पाच-सहा वेळा, तोही नुसता फेकायचा नाही. कुत्र्याला बसवा, चेंडू उंच गवतात टाका, पाच आकडे मोजा आणि मग ‘शोध’ म्हणा. डोळ्यांनी पाठलाग करण्याऐवजी त्याला नाकाने शोधावं लागेल. रोज पाऊण तासाची एक फेरी लांब दोरावर, त्याच्या मर्जीने हुंगत. इथे घाई करायची नाही.

आणि रोज पंधरा मिनिटं नाकाचं काम. सुरुवातीला सहा उघडी खोकी जमिनीवर ठेवा, एकातच त्याचा आवडता खाऊ टाका. कुत्रा दुसऱ्या खोलीत असताना हे करा. आत सोडल्यावर बोट दाखवू नका, बोलू नका. खोक्यापाशी पोचला की त्याच खोक्यात आणखी दोन तुकडे टाका, म्हणजे शोधलेली जागाच फायद्याची ठरते. सलग तीन-चार दिवस जमलं की खोकी अर्धवट मिटा, मग एखादं खुर्चीवर ठेवा, मग वेगवेगळ्या खोल्यांत. बिघाड होतो तो घाईमुळे: दुसऱ्याच दिवशी सगळी खोकी बंद करून कपाटावर ठेवली की कुत्रा शोधणं सोडतो आणि पुठ्ठा फाडू लागतो. खोकं फाडलं तर रागावू नका, एक पायरी खाली उतरा. कुत्रा धापा टाकत असेल तर आधी त्याला निवू द्या. तोंडाने श्वास चालू असताना नाक नीट काम करत नाही.

यानंतर विश्रांती शिकवायची. हो, या जातींना ती शिकवावी लागते. एक सतरंजी ठरवा. नाकाचं काम झालं की सतरंजीवर चघळायला काही द्या आणि शेजारी बसून वाचत राहा. तो आडवा झाला की पुढच्या पायांच्या मध्ये हलकेच एक तुकडा ठेवा, शाबासकी न देता. शाबासकी दिली की तो उठतो! एका कुल्ल्यावर कलला, हनुवटी टेकली, श्वास लांबला की पुन्हा एक तुकडा. प्रौढ कुत्र्याला दिवसाचे बारा ते चौदा तास झोप लागते. घरातल्या प्रत्येक हालचालीमागे धावणाऱ्या कुत्र्याची झोप बहुधा अपुरीच असते. दुपारी दोन तास त्याला बंद, शांत खोलीत ठेवण्याची सवय लावा.

पहिल्या आठवड्यात तो चेंडूसाठी तुमच्या मागे लागेल, भुंकेलही. चेंडू नजरेआड ठेवा आणि ठरलेल्यावर ठाम राहा.

प्रश्न: चार महिन्यांच्या विझ्ला पिल्लाला किती चालवावं? ‘वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं’ हा नियम बरोबर आहे का?

तो अंदाजाचा आकडा आहे, मोजूनमापून काढलेला नाही. मोजायचं ते सक्तीचं चालणं: पट्ट्यावर, सरळ रेषेत, तुमच्या वेगाने. तेवढ्यापुरता आकडा चालतो, म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला वीस मिनिटं. मऊ जमिनीवर स्वतःच्या मर्जीने हुंगणं, थांबणं, बसणं यावर एवढी बंधनं नकोत. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांना वाढीचे कूर्चेचे पट्टे असतात, ते या आकाराच्या कुत्र्यांत साधारण एक ते दीड वर्षापर्यंत पूर्ण भरून येतात. तोवर सायकलीबरोबर पळवणं, उंच उड्या, गाडीतून खाली झेपावणं टाळा. गुळगुळीत फरशीवर पाय फाकून घसरणंही वाईट. जिथे पिल्लू खेळतं तिथे चटई टाका.

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू पिसाटल्यासारखं चावत सुटतं, अशी तक्रार तीन पत्रांत आहे. त्या वेळी त्याला खेळवू नका, झोपवा. या वयात दिवसाला अठरा तासांच्या आसपास झोप लागते आणि हे पिल्लू थकून किरकिरं झालेलं असतं.

प्रश्न: विझ्ला, चौदा महिन्यांची मादी. घरात हाक मारली की लगेच येते. मैदानात पक्षी दिसला की बहिरी होते. बोलावल्यावर येण्याचं प्रशिक्षण कसं द्यावं? विजेचा गळपट्टा वापरावा का?

सहा महिने ते दीड वर्ष हा या कुत्र्यांच्या बंडाचा काळ. आधी शिकलेलंही विसरल्यासारखं करतात. पण तुमच्या मादीची हाक मुळात विसरलेली नाही, ती मैदानासाठी कधी शिकवलीच गेलेली नाही. घरातली हाक आणि पक्ष्यासमोरची हाक हे तिच्या लेखी दोन वेगळे धडे आहेत.

नवी सुरुवात शिट्टीने करा. आवाजात राग, काळजी, घाई सगळं उतरतं. शिट्टी रोज तीच राहते आणि लांब पोचते. शिकारी कुत्र्यांच्या प्रशिक्षणात साधारण पद्धत अशी: लागोपाठ छोट्या फुंकरा म्हणजे ‘ये’, एक लांब फुंकर म्हणजे ‘थांब’. दोन्ही एकदम शिकवू नका. आधी ‘ये’.

पहिला आठवडा घरातच. तीन छोट्या फुंकरा, आणि लगेच, एका सेकंदाच्या आत, उकडलेल्या चिकनचा तुकडा. ती काय करतेय, बसलीय की उभी, याच्याशी संबंध नाही. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. हा खाऊ इतर कशासाठीही द्यायचा नाही. शिट्टी ऐकताच मान झटक्यात वळू लागली की दुसऱ्या खोलीतून वाजवा, मग दाराआडून.

मग मैदान. छातीच्या हार्नेसला पाठीवरच्या कडीत दहा मीटरचा दोर. गळपट्ट्याला दोर कधीही नाही, कारण भरधाव कुत्रा दोर संपताना मानेवर झटका खातो. आपोआप गुंडाळला जाणारा पट्टाही नको: तो सतत ताणलेला असतो आणि ताण म्हणजेच मोकळीक, असं कुत्रा शिकतो. दोराला गाठी नसाव्यात, त्या झुडपात अडकतात. हातात मोजे घाला. सुटत चाललेला दोर उघड्या हाताने पकडला तर तळवा सोलून निघतो. पायात दोर गुंडाळून उभं राहू नका.

वाऱ्याकडे लक्ष द्या. ही गोष्ट बहुतेकांना कुणी सांगतच नाही. तोंडावर वारा घेत चाललात तर कुत्री तुमच्या पुढे डावी-उजवीकडे नागमोडी पळत वास तपासते आणि आपसूक जवळ राहते. वारा पाठीवर असेल तर ती सरळ लांब निघून जाते आणि तिथून वाऱ्याकडे तोंड करून तुमच्या दिशेने शोधत येते. ही तिची अवज्ञा नव्हे, नाकाची पद्धत आहे. धडे वाऱ्याच्या समोरच घ्या.

शिट्टी कधी वाजवायची? सुरुवातीला फक्त तिने स्वतःहून तुमच्याकडे बघितलं किंवा एक वास संपवून डोकं वर काढलं तेव्हा. नाक जमिनीत रुतलेलं असताना नाही. आली की एकच तुकडा देऊन मोकळे होऊ नका. दहा-पंधरा सेकंद एकामागून एक पाच-सहा तुकडे पायांपाशी टाका, मध्येच गळपट्टा धरा, पुन्हा खायला द्या, मग ‘जा’ म्हणून सोडा. गळपट्टा धरणं जमवून घेतलं नाही तर कुत्री येते पण दोन हातांवर थांबून हुलकावणी देते. दहापैकी नऊ वेळा तिला पुन्हा खेळायला सोडायचंच. नाहीतर शिट्टी म्हणजे मजा संपली, हे ती दोन दिवसांत शिकते.

त्यानंतर पक्षी, पण लांबून. पन्नास मीटरवरच्या पक्ष्यावरून वळू शकणारी कुत्री दहा मीटरवरून वळेलच असं नाही. अंतर हळूहळू कमी करा. एकदा शिट्टी वाजवून ती आली नाही तर दुसऱ्यांदा वाजवू नका. दोरावरून चालत जवळ जा, शांतपणे घेऊन या आणि पुढच्या वेळी अंतर वाढवा. वाजत राहणारी आणि काहीच न घडणारी शिट्टी आठवडाभरात निकामी होते. उशिरा का होईना, आलेल्या कुत्रीला ओरडणं हा त्याहून मोठा गुन्हा. दोर काढण्याची घाई करू नका. बऱ्याच कुत्र्यांना सहा महिने लागतात, काहींना वर्ष.

विजेचा गळपट्टा नको. धक्का बसतो त्या क्षणी कुत्रा ज्याकडे बघत असेल त्याच्याशी ती वेदना जोडली जाते. ते लहान मूल असू शकतं, दुसरा कुत्रा असू शकतो. विझ्ला मुळात हळव्या मनाची जात आहे. एकदा घाबरली की शिकवणंच अवघड होऊन बसतं.

प्रश्न: फिरताना आमचा कुत्रा पक्ष्यांकडे बघत एक पाय उचलून पुतळ्यासारखा उभा राहतो. ओढलं तरी हलत नाही. ही सवय मोडावी का?

मोडता येणार नाही, आणि गरजही नाही. लांडग्याच्या शिकारीत शोधणं, रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं असा क्रम असतो. पॉइंटर जातींत माणसाने त्यातला रोखून बघण्याचा टप्पा ताणून लांब केला आणि शेवटचे टप्पे मवाळ केले. तुमचा कुत्रा त्याचं कामच करतो आहे, आणि त्यात त्याला प्रचंड आनंद मिळतो.

पट्टा ओढू नका. ओढलं की तो समोर जोर लावतो आणि थबकणं झेपेत बदलतं. पट्टा सैल सोडा, बाजूने त्याच्या नजरेच्या टप्प्यात या, हलक्या आवाजात ‘छान’ म्हणा, छातीवरून सावकाश हात फिरवा. पाच-दहा सेकंद त्याला बघू द्या. श्वास थोडा सैल झाला किंवा कान तुमच्याकडे हलला की ‘चल’ म्हणत बाजूला वळा आणि पाच पावलांवर गवतात मूठभर खाऊ विखरा. वळण्याचं बक्षीसही शोधण्याचंच असतं, म्हणून तो वळतो. थरथर सुरू झाली, खाऊ नाकाला लावला तरी घेत नाही, असं दिसलं तर तुम्ही फार जवळ आहात. आधी मागे सरका.

घरात ससे, कोंबड्या किंवा पिंजऱ्यातले पक्षी असतील तर मात्र या मवाळपणावर विसंबू नका. नजरेआड एकत्र ठेवू नये. अगदी ‘मैत्री’ झाली असली तरी.

प्रश्न: आमच्या कुत्र्याच्या बरगड्या दिसतात. पाहुणे म्हणतात उपाशी ठेवता का. वजन २५ किलो. खाणं किती आणि कधी द्यावं?

या जाती सडपातळच चांगल्या. शेवटच्या दोन-तीन बरगड्या हलक्या दिसणं, वरून बघितल्यावर कंबर आत गेलेली असणं हे ठीक आहे. पाठीच्या मणक्यांची आणि कुल्ल्यांची हाडं टोकदार दिसू लागली, मांड्यांचा स्नायू आटला तर मात्र वजन कमी आहे.

हिशोब असा: २५ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे ७८० किलोकॅलरी लागतात. घरगुती, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला त्याच्या साधारण दीडपट, म्हणजे बाराशेच्या आसपास. दिवसभर रानात काम करणाऱ्याला दुपटीहून जास्त. पाकिटावरचा तक्ता सुरुवातीपुरता घ्या आणि दर दोन आठवड्यांनी वजन बघून दहा टक्क्यांनी वर-खाली करा. प्रशिक्षणातला खाऊ याच हिशोबात धरायचा. लांब पल्ल्याच्या मेहनतीला या कुत्र्यांचं शरीर मुख्यतः चरबीतून ऊर्जा घेतं, त्यामुळे वजन टिकत नसेल तर नुसतं प्रमाण वाढवण्याऐवजी जास्त चरबीचा आहार निवडा. मात्र बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, एकदम केला तर जुलाब होतात.

वेळ जास्त महत्त्वाची आहे. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळा घेण्याचा धोका असतो. एकाच मोठ्या जेवणाऐवजी दोन-तीन छोटी जेवणं द्या. पळण्याआधी निदान एक तास आणि पळून आल्यावर शांत होईपर्यंत जेवण नको. जेवणानंतर दीड-दोन तास उड्या-धावणं नको. अधाशासारखं गिळत असेल तर अडथळ्यांची ताटली वापरा. पोट टम्म, कुत्रा अस्वस्थ, लाळ गळते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही: हे दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच क्षणी निघा, वाटेत दवाखान्याला फोन करा. यात शस्त्रक्रियाच लागते आणि उशीर जिवावर बेततो. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा प्रकार झाला असेल तर डॉक्टरांशी हे आवर्जून बोला.

प्रश्न: उन्हात पळाल्यावर कुत्रा किती तापला हे कसं ओळखावं? पळून आल्यावर काय काय तपासावं?

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. पळताना ते वर जातं, पण ४१ च्या पुढे धोका. त्याआधीच्या खुणा: जीभ चमच्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबते, हिरड्या गडद लाल, सावली दिसूनही थांबत नाही, किंवा उलट, चाल डगमगते. पॉइंटर स्वतःहून थांबेल या भरवशावर राहू नका, वासाच्या नादात तो कोसळेपर्यंत पळतो. तसं झालं तर आधी गार करा, मग दवाखाना. अंगभर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, काही मिनिटांत तोच उष्णता कोंडतो. तापमान ३९.५ ला आलं की पाणी थांबवा. बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवाच, आतल्या अवयवांचं नुकसान नंतर कळतं.

तास-दोन तास पळालेला सडपातळ कुत्रा गार हवेतही लटपटू लागला, नजर शून्य झाली, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर मध किंवा ग्लुकोजचं पाणी हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा. मोठ्या फेरीत मध्येच छोटा खाऊ द्यावा तो यासाठीच.

थंडीत याच्या उलट. विझ्लाला केसांखालची लोकर नसते, भिजला की लगेच कुडकुडतो. पुसून कोरडा करा.

परतल्यावर बोटांच्या फटी उलगडून बघा. गवताची कुसळं तिथूनच आत शिरतात. त्यांना मागे वळणारे बारीक काटे असतात, त्यामुळे ती पुढेच सरकतात, बाहेर येत नाहीत. एकच पाय सतत चाटणं, एकाएकी डोकं झटकणं किंवा शिंकांची माळ लागणं ही कुसळाची खूण. लोंबते कान आतून सुकवा, काखा आणि कानामागे गोचीड बघा.

प्रश्न: घरातून बाहेर पडलो की आमचा विझ्ला रडतो आणि दार कुरतडतो. रडून रडून सवय होईल का?

नाही, भीती पक्की होते. हा राग किंवा खोडसाळपणा नव्हे. विझ्ला माणसाच्या अगदी जवळ राहून काम करण्यासाठी निवडलेली जात आहे. मोबाइलचा कॅमेरा लावून बघा, किती सेकंदांनी कान ताठ होतात, चाटणं किंवा येरझारा सुरू होतात. वीस सेकंदांनी होत असेल तर दहा सेकंदांसाठी बाहेर जा आणि शांतपणे परत या. दिवसातून पाच-सहा वेळा, कधी पाच सेकंद, कधी पंधरा, कायम चढत्या क्रमाने नाही. चाव्या उचलून पुन्हा खाली ठेवा, चपला घालून सोफ्यावर बसा, म्हणजे त्या खुणांची धार जाते. या काळात त्याला खरोखर एकटं सोडावं लागू नये अशी सोय लावा. घरातले, शेजारी, ओळखीचे कुणीही चालेल. हीच अट सगळ्यांना जड जाते आणि बहुतेकांचं प्रशिक्षण इथेच फिसकटतं. स्वतःला जखमा करत असेल तर औषधांची जोड लागते. पशुवैद्यकाकडे आधी जा, प्रशिक्षकाकडे नंतर.

प्रश्न: काल पोहून आल्यापासून शेपूट मुळापासून खाली लोंबतंय. हात लावला की कळवळतो. मोडलं असेल का?

गार पाण्यात पोहल्यावर किंवा सवयीपेक्षा जास्त पळवल्यावर शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावतात. पॉइंटर आणि लॅब्रॅडॉर यांच्यात हे नेहमीचं आहे. शेपूट तीन-चार इंच आडवं येऊन मग दोरीसारखं खाली पडतं, असंही दिसतं. मोडलेलं हाड, पाठीचा कणा आणि गुदग्रंथींचा त्रास नाही ना, हे डॉक्टरांनी तपासायला हवं. ते नसेल तर विश्रांतीने काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत बरं होतं. माणसांचं आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका, कुत्र्यासाठी ती विषारी ठरू शकतात. बरा झाल्यावर पोहणं पाच मिनिटांपासून पुन्हा सुरू करा.